वाढवलं रे

लाइनमनच्या तोंडातून शब्द निघत नव्हते असं नाही. निघायचे, पण भलतेच निघायचे. चष्मा हवा असला की तो म्हणायचा, "कढई." पाणी हवं असलं की म्हणायचा, "मंगळवार." झटका येऊन गेल्यावर उजवा हात आणि उजवा पाय कुरकुरत का होईना कामावर परतले, जीभ मात्र रुसून बसली ती बसलीच. डोक्यात सगळं जागच्या जागी होतं. कोण माणूस, कुठली वस्तू, कोण खरं बोलतंय आणि कोण थापा मारतंय, हे त्याला पूर्वीसारखंच कळत होतं. डोक्यापासून जिभेपर्यंतच्या लाइनीत कुठेतरी फॉल्ट आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा घरात सगळ्यात आधी पटलं ते त्यालाच. उभा जन्म त्यानं खांबांवर चढून असलेच फॉल्ट काढले होते. लिहून दाखवा म्हणावं, तर अक्षरंही जिभेच्याच पक्षाला जाऊन मिळालेली.

घरच्यांनी आधी रडून घेतलं आणि मग त्याचा खेळ केला. दुसरं करणार तरी काय? "कढई" आली की मुलगा विचारायचा, "चष्मा? औषध? खुर्ची उन्हात न्यायची?" बरोबर उत्तर सापडलं की लाइनमन डावा हात वर करायचा. कधी सापडायचं नाही, मग तोच कंटाळून सोडून द्यायचा. हसणं मात्र त्याचं अगदी शुद्ध यायचं, त्यामुळे घरात बरं चाललंय असं येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचं.

शुद्ध येणारे शब्द दोनच उरले होते. एक शिवी होती, ती इथे सांगण्यासारखी नाही. दुसरा शब्द होता "वाढव."

हा शब्द मूळचा त्याचा नव्हे, बायकोचा. ती दुकानदाराची लेक. तिच्या वडिलांसमोर "बंद" म्हणायची कुणाची टाप नव्हती. रात्री फळ्या लावायच्या त्या दुकान "वाढवायला". बंद म्हटलं की धंदा कायमचा बंद पडतो, अशी म्हाताऱ्याची ठाम समजूत. बाकीचं जग हा शब्द दुकानापुरता वापरतं आणि गप्प बसतं. हिनं तो माहेराहून आणून सगळ्या घराला लावला. दिवा वाढव, पंखा वाढव, नळ वाढव. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ती "रेडिओ वाढवा" म्हणाली, तेव्हा लाइनमननं आवाज इतका मोठा केला की शेजारी भांडायला आले. त्या दिवसापासून त्यानं तिचं नाव वाढवाबाई ठेवलं आणि चाळीस वर्षं तिची नक्कल केली. तिनं फुगावं, यानं चेकाळावं, असा संसार झाला. शब्द इतका खोल रुतला की झटक्यालाही तो उपटता आला नाही. कुणी चुकून घरात "बंद कर" म्हणालंच, तर वाढवाबाई हातातलं काम न सोडता दुरुस्ती करायची, "वाढव म्हणावं." पायाला ठेच लागल्यावर आपोआप "आई गं" निघतं ना, तसं ते निघायचं. त्यात विचार करण्याचा भाग नव्हता.

त्यांच्या एकुलत्या एक मुलाला गल्लीत सगळे खटपट्या म्हणत. लहानपणी त्यानं घरातलं घड्याळ उघडलं होतं आणि ते पुन्हा जोडल्यावर दोन चाकं जास्तीची उरली होती. तरी घड्याळ चाललं, हे तो अजून सांगायचा. "वाढव" म्हणजे बंद, हे त्याला कुणी शिकवलं नाही. आईच्या दुधाबरोबर आलं. मोठेपणी तो घरांच्या छतांवर सोलर बसवणाऱ्या एका फर्ममध्ये लागला. दुसऱ्यांची छतं उजळून झाल्यावर त्यानं आपल्या छताकडे पाहिलं. लग्न होऊन महिना झाला होता. "बायको आली की घरात उजेड येतो म्हणतात," तो म्हणाला, "मी म्हटलं, पक्कं वायरिंगच करून टाकावं."

तर छतावर मागच्या बाजूला पॅनेलं बसली. प्रत्येक पॅनेलच्या पाठीला एक छोटा डबा. तो उन्हाची वीज घरातल्या विजेसारखी करून केबलमध्ये सोडणार. ती केबल भिंतीवरून उतरून मीटरपाशी कंपनीच्या लाइनीला मिळणार. मध्ये एक खटका. खटका पाडला की वरचे डबे झोपतात आणि केबल मेलेली. खटका चढवला की सगळं जिवंत, आणि जिवंत दोन्ही बाजूंनी: वरून उन्हाची वीज, खालून कंपनीची. खटपट्यानं हा खटका जिन्याखालच्या कपाटात बसवला होता. दिसायला नीटनेटकं.

कंपनीचा तपासनीस आला आणि त्यानं कपाट उघडून मान हलवली. तिरसट नव्हता बिचारा, पण नियमाचा पक्का होता. "घरात नाही चालणार," तो म्हणाला. "तुम्ही गावाला गेलात, दाराला कुलूप, आणि इथे आग लागली, तर बंबवाल्यांनी काय तुमची वाट बघायची? आमचा माणूस खांबावर चढलाय आणि तुमचं छत लाइनीत वीज ढकलतंय, असं व्हायला नको. बाहेर बसवा. फाटकाजवळ, मीटरशेजारी, हाताला येईल असा. लाल दांडी, वर चालू, खाली बंद, तशी पट्टी चिकटवा. आणि दांडी खाली असताना कुलूप घालता यावं म्हणून भोक पाहिजे."

खुर्चीत बसलेला लाइनमन शब्दाशब्दाला डावा हात वर करत होता. इतकं खरं बोलणं त्यानं बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. खांबावर असताना कुणाच्या तरी जनरेटरची वीज उलटी चढून आल्यानं त्याच्या जोडीदाराच्या भुवया जळालेल्या त्यानं पाहिल्या होत्या. त्या परत आल्या, पण माणूस परत खांबावर चढला नाही. त्यानंतर लाइनमन कुलपाशिवाय कधी चढला नाही. खटका पाडायचा, त्याला आपलं पितळी कुलूप घालायचं, आणि किल्ली खिशात टाकायची. किल्ली वर चढणाऱ्याच्याच खिशात. खाली उभ्या असलेल्या सख्ख्या भावाकडेसुद्धा द्यायची नाही. खालचा माणूस विसरतो, बिडी ओढायला जातो, काहीतरी भलतंच ऐकतो. कुलूप ऐकत नाही. हे सगळं त्याला मुलाला सांगायचं होतं. पण तपासनीस चहा पिऊन गेला आणि लाइनमनच्या तोंडून निघालं ते एवढंच, "भोपळा."

"उद्या आणते हं," वाढवाबाई म्हणाली.

आता दुधाचं सांगितलं पाहिजे, कारण घरात जे घडलं त्याची वात तिथेच पेटली होती.

सून आली होती लांबून. आई-वडील बदलीच्या नोकरीत, त्यामुळे पोर वसतिगृहात वाढलेली. चार भाषा बोलायची, मराठी त्यांपैकी एक. व्यवस्थित बोलायची, पण पुस्तकातल्यासारखी. स्वभावानं गरीब. मोठ्यांना उलट विचारायचं नाही, हे तिनं मनाशी पक्कं ठरवून उंबरा ओलांडला होता. एके सकाळी वाढवाबाई अंगणातून म्हणाली, "सूनबाई, दूध वर येतंय, गॅस वाढव गं." सून धावत गेली आणि तिनं गॅस वाढवला. अगदी मनापासून, पूर्ण मोठा. दूध ओट्यावरून खाली, खालून दारापर्यंत.

लाइनमननं हे खुर्चीतून पाहिलं. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. रेडिओचा प्रसंग चाळीस वर्षांनी पुन्हा घडत होता! आता ही विचारील, ती सांगेल, दोघी हसतील, असं त्याला वाटलं. पण सून काही बोलली नाही. सासूनंच वाढव म्हटलं होतं, मग तिला कसं विचारायचं? आणि नव्या सुनेला पहिल्याच महिन्यात बोल लावायचा नाही, हे वाढवाबाईनं ठरवलेलं. पोर वेंधळी आहे, शिकेल, असं मनात म्हणून तिनं स्वतः ओटा पुसला. दोघींनी एकमेकींना इतकं सांभाळून घेतलं, की मधली गोष्ट तशीच राहून गेली.

लाइनमनचं हसू हळूहळू मावळलं. हिला माहीत नाही आणि तिला माहीत नाही की हिला माहीत नाही. आणि घरात ज्या एकट्याला हे माहीत, तो मुका. दुपारी त्यानं सुनेला जवळ बोलावलं आणि शेगडीकडे बोट दाखवून सांगायचा प्रयत्न केला. "वाढव," तो म्हणाला, स्वच्छ. मग "म्हणजे" म्हणायला गेला तर "टोपी" आलं. सुनेनं त्याला टोपी आणून घातली.

रविवारी खटपट्यानं खटका बाहेर आणला. फाटकाच्या बाजूला, समोरच्या भिंतीवर, छातीच्या उंचीला, लाल दांडीचा. कुलपाचं भोकही दांडीला होतं. चालू-बंदची पट्टी तेवढी खिडकीत ठेवली होती. भिंतीचा ओला गिलावा सुकला की संध्याकाळी चिकटवू म्हणाला. सोमवारी तपासनीस येणार होता. वर एका डब्याचं जोडकाम राहिलं होतं, एक रांग वीज देत नव्हती. ते शोधायचं तर खटका चढवून बघायचं, पाडून हात घालायचा, पुन्हा चढवून बघायचं. म्हणजे खाली कुणीतरी हवं.

"सोपं आहे," त्यानं बायकोला शिकवलं. "'वर' ऐकलंस की दांडी वर. 'खाली' ऐकलंस की दांडी खाली. बास."

अडचण एवढीच की पॅनेलं मागे आणि खटका पुढे. मागच्या छतावरून मारलेली हाक पुढे पोचत नव्हती, त्यातून शेजारी फरशी कापायचं मशीन किंचाळत होतं. म्हणून घराच्या कडेच्या बोळाच्या तोंडाशी, जिथून दोन्हीकडचं ऐकू येतं तिथे, वाढवाबाई उभी राहिली. मुलाची हाक तिनं घ्यायची आणि सुनेला द्यायची.

"फोन लावा की," सून हळूच म्हणाली.

"दोन्ही हात कामात असतात गं. आणि आई असताना भोंगा कशाला?" खटपट्या म्हणाला. आईनं त्याला चापट मारली.

लाइनमनची खुर्ची फाटकाजवळ होती. समोर खटका, खटक्यापाशी सून. मुलगा जिन्याकडे निघाला तसा लाइनमननं काठीनं त्याची वाट अडवली. कुलूप. नुसता एक शब्द. त्यानं डोळे मिटले, तो शब्द समोर आणला, पितळी, जड, एका कडेला चेपलेला, आणि म्हणाला, "कु... कु..."

"कुत्रा?" मुलगा.

लाइनमननं जोरात मान हलवली.

"कुंडी? कुकर?"

"कुकरचं काय अहो आत्ता?" वाढवाबाई म्हणाली.

त्यानं डाव्या हाताची मूठ केली आणि किल्ली फिरवून दाखवली. खटपट्यानं स्कूटरची किल्ली आणून दिली. ती त्यानं फेकली. सुनेनं स्क्रू पिळायचा पेचकस आणला. तोही फेकला. मग त्यानं माळ्याकडे बोट केलं, कारण कुलूप माळ्यावर त्याच्या जुन्या पत्र्याच्या पेटीत होतं. पण माळ्यावर सुनेच्या लग्नातल्या बॅगांपासून मोडक्या पाळण्यापर्यंत सगळं जग होतं, त्यातलं नेमकं काय, हे कुणाला कळावं? शेवटी तो उठला, खटक्यापाशी गेला आणि दांडीचं भोक बोटानं टोकरू लागला.

"घट्ट आहे, बाबा," खटपट्या मायेनं म्हणाला. "मीच बसवलाय. तुमचाच मुलगा आहे ना मी? काळजी करू नका." त्यानं बापाचे खांदे धरून त्याला खुर्चीत बसवलं, टोपी सारखी केली, आणि शीळ घालत जिना चढला. लाइनमनच्या तोंडून ती एकमेव शिवी निघाली, खणखणीत. सगळे हसले. त्याला रडू येत होतं, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

"वर!" मागून हाक आली. "वर कर गं," वाढवाबाई. दांडी वर. थोड्या वेळानं, "खाली!" "खाली कर गं." दांडी खाली. "केलं रे!" वर खटपट्यानं टेस्टर लावून पाहिला असणार, मग काम केलं असणार, मग पुन्हा "वर!" पुन्हा "खाली!" लाइनमन दांडीवरची नजर काढत नव्हता. दोन्ही वेळा सगळं बरोबर झालं आणि तो खुर्चीत जरा मागे टेकला. म्हाताऱ्या माणसाला उगाच भ्या वाटतं, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

तिसऱ्यांदा दांडी वर गेली. शेजारचं मशीन पुन्हा सुरू झालं. वर खटपट्याला बहुतेक फॉल्ट सापडला असावा, कारण त्याच्या आवाजात आनंद होता. आनंदात माणूस ठरवलेले शब्द विसरतो.

"सापडलं! आई, बंद कर!"

वाढवाबाईच्या कानावर "बंद" पडलं. पुढचं तिच्या हातात नव्हतंच. चाळीस वर्षांचं वळण. तिनं तोंड फिरवलं आणि सुनेला सांगितलं, "सूनबाई, वाढव गं!"

सुनेनं दांडीकडे पाहिलं. दांडी वरच होती. तिच्या चेहऱ्यावर गोंधळ उमटला, तो लाइनमनला स्पष्ट दिसला. वाढव म्हणजे आणखी वर? नीट बसली नसेल. तिनं दोन्ही हातांनी दांडी वर रेटली, होती त्याहून घट्ट.

"वाढवलं, आई!"

"वाढवलं रे!" वाढवाबाईनं मुलाला हाक दिली.

आणि तिचा मुलगा तिच्या हाताखाली वाढलेला. त्याच्यासाठी "वाढवलं" म्हणजे बंद झालं. दोनदा टेस्टर लावून झाला होता, दोनदा बरोबर निघालं होतं. तिसऱ्यांदा आईच्या शब्दाला टेस्टर कोण लावतो?

लाइनमन उभा राहिला. कसा राहिला ते त्यालाही कळलं नाही. खाली, असं म्हणायचं होतं. बंद, असं म्हणायचं होतं. नाही, एवढंसुद्धा पुरलं असतं. तान्ह्या पोरालाही येतं ते. त्यानं छाती भरून घेतली, सगळा जीव जिभेवर आणला आणि ओरडला,

"वाढव! वाढव!"

"हो बाबा, वाढवलंय," सून त्याच्याकडे बघून आदरानं म्हणाली आणि तिनं दांडी आणखी एकदा वर दाबली.

खटका त्याच्या खुर्चीपासून चार-सहा पावलांवर होता. धड माणसाला ते अंतर म्हणजे काहीच नाही. त्याचा उजवा पाय मागे फरफटत राहिला. काठी पडली. मशीनच्या किंचाळण्यातून मागच्या छतावरून एक आवाज आला, आखूड, जणू कुणाला कशाचं नवल वाटलंय. लाइनमनला तो आवाज ओळखीचा होता. तो सुनेच्या अंगावर, दांडीवर, भिंतीवर एकदमच पडला आणि त्याच्या सगळ्या वजनानं दांडी खाली आली. मग तो जमिनीवर होता आणि वर बघत होता. त्याला वरचं छतही दिसत नव्हतं.

"अहो, काय झालं? लागलं का?" वाढवाबाई त्याच्याकडे धावली. मुलाकडे नाही, त्याच्याकडे. तो डाव्या हातानं जिना दाखवत होता आणि ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन टोपी शोधत होती. शेवटी सुनेनंच वर पाहिलं, हाक मारली, पुन्हा मारली, आणि ती जिन्याकडे पळाली.

दवाखान्यात नेलं, पण ते नेण्यापुरतंच. खटपट्या वरच गेला होता.

माणसं आली, बसली, गेली. खटका कुणाच्या हातात होता, हे पहिल्याच दिवशी गल्लीभर झालं. बायकोनंच चालू केलं म्हणे. महिन्याची नवरी म्हणे. चौकशीला आलेल्या हवालदारानंही तेच विचारलं, आवाज न चढवता.

"आई म्हणाल्या वाढव," सून म्हणाली. "मी वाढवलं."

"म्हणजे तुम्ही चालू केलंत."

"ते आधीच वर होतं."

"मग वाढवलंत काय?"

ती वेडी झाल्यासारखी सासूकडे बघत राहिली. लाइनमनही बायकोकडेच बघत होता, आणि त्याच क्षणी वाढवाबाईला सगळं कळलं हे त्यानं पाहिलं. दूध, ओटा, दांडी, सगळं. तिचं तोंड उघडलं आणि तिनं त्यात पदराचा बोळा कोंबला. लाइनमनला सांगायचं होतं, की चूक कुणा बाईची नाही, एका कुलपाचं काम होतं. त्याला सांगायचं होतं, की पोरीला सोडा आणि हिलाही सोडा. तो हवालदाराचा हात धरून म्हणाला, "वाढव."

"काय म्हणतायत हे?"

"काही नाही," वाढवाबाई भिंतीकडे बघत म्हणाली. "त्यांना झटका आलाय. असंच बोलतात."

लाइनमननं हात सोडला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याला बायकोचा राग आला आणि तो राग पुरा व्हायच्या आत तिची कीव आली. दोन्हींपैकी काहीच सांगता येत नव्हतं. तेव्हापासून घरात कुणी कुणाला काही सांगितलं नाही. रात्री दिवे तसेच जळत राहायचे. बंद करायला सांगण्यासाठी वाढवाबाईकडे शब्दच उरला नव्हता.

पुढे सुनेचा भाऊ तिला न्यायला आला. बरोबरच होतं, ज्या घरात सगळे तिच्या हातांकडे बघतात, तिथे तिनं राहायचं कसं? तिची बॅग माळ्यावर होती. ती काढायला भावानं आधी वाटेतली जुनी पत्र्याची पेटी उतरवली आणि लाइनमनच्या खुर्चीशेजारी ठेवली. लाइनमन पेटीकडे बघतच राहिला. इतकी सहज खाली आली.

बॅग उतरली आणि ती घेऊन सून फाटकापाशी आली, तेवढ्यात फाटक वाजलं. तपासनीस होता. त्याला काही ठाऊक नव्हतं. त्याच्या यादीत हे घर राहून गेलेलं, एवढंच. कुणी सांगायच्या आत त्यानं खटका पाहिला आणि त्याचा चेहरा उजळला. "वा. जागा बरोबर, उंची बरोबर, लाल दांडी. मुलानं काम सुबक केलंय. पट्टी तेवढी राहिली." कुणी पुढे येईना, म्हणून त्यानं आपणच दांडी वर केली, मीटर पाहिलं, मान डोलावली. मीटरकडे बघतच म्हणाला, "हं. आता बंद करा कुणीतरी."

खटक्याजवळ उभी होती ती सूनच, बॅग हातात घेऊन. तिचा हात उचलला गेला आणि दांडीच्या अलीकडेच थांबला. ती दांडीकडे बघेना, तपासनीसाकडेही बघेना. तिनं सासूकडे पाहिलं.

वाढवाबाई दारातून पुढे आली. तिचे ओठ हलले, आणि कुठला शब्द सवयीनं वर येतोय ते लाइनमनला दिसलं. तिनं तो गिळला.

"सूनबाई," ती म्हणाली, "बंद कर."

सुनेचा हात तसाच अधांतरी होता.

"बंद कर, बाळ. माझ्या तोंडी वाढव म्हणजे बंद असतं. त्याला माहीत होतं. तुला मी सांगितलंच नव्हतं." मग ती सुनेच्या भावाकडे वळली आणि शेजारच्या भिंतीवरून डोकावणाऱ्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी सांगितलं ते हिनं केलं. माझा शब्द होता तो."

सुनेनं दांडी खाली ओढली आणि तिथेच बॅगेवर बसून रडायला लागली. आत्तापर्यंत ती रडलीच नव्हती. वाढवाबाई तिच्याजवळ गेली, पण हात लावावा की नाही ते तिला कळेना.

तपासनीस कानकोंडा झाला. आपण कशात तरी येऊन पडलो आहोत, एवढं त्याला समजलं. काहीतरी करायचं म्हणून त्यानं दांडीच्या भोकात बोट घालून पाहिलं. लाइनमन तोवर पेटी उघडून उठला होता. काठी टेकत, पाय ओढत तो खटक्यापाशी आला. डाव्या हातात पितळी कुलूप होतं, एका कडेला चेपलेलं. त्यानं ते भोकात अडकवलं आणि खट् करून दाबलं.

"कुलूप," तो म्हणाला. अगदी स्वच्छ, पहिल्यासारखं.

वाढवाबाईनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. सुनेनंही पाहिलं.

"हो बाबा, कुलूपच," तपासनीस जपून म्हणाला. "पण घातलंच पाहिजे असं नाही. सोय असली की आमचं काम झालं."

तो गेला. लाइनमननं किल्ली काढून घेतली. किल्ली वर चढलेल्या माणसाच्या खिशात जायची असते. ती मुठीत धरून तो खटक्यापाशी उभा राहिला, आणि आता ती कुणाला द्यायची ते त्याला कळेना.